जाळायला आमच्याकडे आहे काय?

मा. संपादक,
स. न.

गावोगावचा घरगुती कचरा गोळा करून जाळायचा आणि त्यावर वीज करायची, असं आमच्या तालुक्यातले पुढारी हल्ली भाषणांतून सांगतात. टाळ्याही पडतात. पण गावच्या उकिरड्यावर काय पडलेलं असतं, ते यांनी एकदा येऊन पाहावं.

शिळं अन्न, भाजीचे देठ गाई-शेळ्या खातात. पऱ्हाट्या-तुराट्या चुलीत जातात, शेण आणि राख खतात. मागे उरतात खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) प्लॅस्टिक पन्न्या, शाम्पूच्या पुड्या, लेकरांचे डायपर आणि कपाशीवरच्या फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे. पावसाळ्यात हा सगळा माल चिखलात असा भिजतो की काडी लावली तर नुसता धूर.

दिल्लीत तिमारपूरला 1987 साली डेन्मार्कच्या मदतीने असा कारखाना उभारला होता. रोज 300 टन कचरा, पावणेचार मेगावॉट वीज. कचरा ओला आणि मातीने भरलेला निघाला, हवी तेवढी उष्णता मिळेना, आणि काही दिवसांतच भट्टी बंद पडली. तो तर राजधानीचा कचरा! दोन हजार वस्तीच्या गावात माणशी पाव किलो धरला तरी दिवसाला अर्धा टन होतो. म्हणजे 300 टनांसाठी 600 गावं, आणि त्यांच्यामागे धावणाऱ्या गाड्यांचं डिझेल वेगळंच. शेजारी चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचं आहे. त्याची राख आम्ही खातोच आहोत. पावणेचार मेगावॉटसाठी आणखी एक चिमणी कशाला?

शिवाय पन्नी आणि औषधाचे डबे कमी आंचेवर जाळले तर डायऑक्सिनसारखं विष हवेत जातं. भट्टी सतत 850 अंशांच्या वर ठेवावी लागते. ओल्या कचऱ्यावर ती ठेवायची कशी? ठेवली तरी उरलेल्या राखेत जड धातू असतात, ती राख टाकायला जागा कोणत्या गावाची?

कोरडं प्लॅस्टिक जाळायचंच असेल तर आपल्याच जिल्ह्यात कोरपना-राजुऱ्याकडे सिमेंटच्या भट्ट्या आहेत. तिथं आंच 1400 अंशांवर असते आणि राखही सिमेंटमध्येच मुरते. 2016 च्या घनकचरा नियमांतही ही वाट दिलेली होती. औषधाचे डबे मात्र घरच्या कचऱ्यात मिसळूच नयेत. ते विकणाऱ्या कंपन्यांनी परत न्यावेत. आणि शेणावर गोबर गॅस चालतो, हे विदर्भाला कोणी नव्याने शिकवायला नको.

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात प्लॅस्टिक केंद्रासाठी तालुक्याला 16 लाखांपर्यंत आणि शेणा-कचऱ्यापासून गॅस करण्याच्या गोबरधन योजनेसाठी जिल्ह्याला 50 लाखांपर्यंत तरतूद होती. त्यातून आमच्या तालुक्यात किती खर्च झाला, पन्न्यांचे गठ्ठे बांधायचं यंत्र आलं का, आलं असेल तर ते चालवतं कोण, हे आधी ग्रामसभेत वाचून दाखवावं. वीज प्रकल्पाचं भाषण त्यानंतर ऐकू.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. चंद्रपूर