'मशीन मोठं घ्या' म्हणायला काय जातं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंगळवारच्या पुरवणीतला सॉफ्टवेअर टेस्टिंगवरचा लेख ऑफिसच्या बसमध्ये वाचला, रात्री घरी पुन्हा वाचला, आणि आज सकाळी डबा भरायच्या आधी हे पत्र लिहायला बसले. लेखकमहाशयांनी मेहनत घेतली आहे, यात शंका नाही. फक्त ती मेहनत एखादी टेस्ट सूट (म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या चाचण्यांचा अख्खा संच) स्वतः चालवून बघण्यात गेलेली दिसत नाही.

चाचण्या तासभर चालतात आणि तोवर टेस्टर मंडळी चहाच्या टपरीवर असतात म्हणे. मी सतरा वर्षं या कामात आहे. टपरीवर आम्ही असतो, कबूल. पण तिथे डेव्हलपर असतात, मॅनेजर असतात, आणि पाइपलाइनचं (म्हणजे या चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचं) ते पिवळं फिरतं चिन्ह सगळेच आपापल्या मोबाइलवर बघत उभे असतात. चहाची उधारी मात्र लेखात एकट्या आमच्या नावावर.

असो. राग त्याचा नाही, उपायांचा आहे. मोठा सर्व्हर घ्या, टेस्ट समांतर चालवा, जुन्या गाळून टाका. वेळ नेमका कुठे जातो ते आधी मोजा, एवढं एक वाक्य अख्ख्या अर्ध्या पानात सापडलं नाही.

आमच्याकडे हे सगळे उपाय होऊन गेलेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही जँगो या वेबसाइट बांधायच्या सॉफ्टवेअरच्या ३.२ आवृत्तीवरून ४.२ वर गेलो आणि ३५ मिनिटांची सूट ५२ मिनिटांवर गेली. त्याच पंधरवड्यात टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने चाळीसेक टेस्ट लिहिल्या होत्या. झालं! रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाच्या आढावा-बैठकीत, सगळ्यांसमोर तिला ऐकवण्यात आलं, "टेस्ट कमी लिही, पण नीट लिही." चाळीस टेस्टनी सतरा मिनिटं खायची तर एकेक टेस्ट पंचवीस सेकंदांची हवी. हा चौथीतला भागाकार खोलीतल्या अकरा इंजिनिअरांपैकी एकानेही केला नाही. मीही नाही केला. मान खाली घालून लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत बसले होते.

मग मोठं मशीन आलं. ४ कोअरच्या (म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या हातांच्या) जागी १६ कोअर. ५२ ची ५० मिनिटं झाली. होणारच, कारण सूट एकाच प्रोसेसमध्ये एकापाठोपाठ एक चालत होती. एक कोअर राबत होता आणि पंधरा कोअर भाडं खात बसले होते. क्लाउडचं बिल मात्र सोळाच्या सोळा कोअरचं आलं.

एका शुक्रवारी सगळे गेल्यावर मी पायटेस्टला (हे टेस्ट चालवणारं सॉफ्टवेअर) 'ड्युरेशन्स' हा पर्याय लावून सूट चालवली. सगळ्यात हळू दहा टेस्टची यादी आली, ती बघून मी आधी फसलेच. दहाही टेस्ट सेलेनियमच्या, ब्राउझर उघडणाऱ्या. म्हटलं, सापडला चोर. पण दहांची बेरीज केली तर दीड मिनिटही होईना. म्हणून आकडा १० ऐवजी ० दिला, म्हणजे तो यच्चयावत टेस्टचा वेळ छापतो. पायटेस्ट प्रत्येक टेस्टच्या वेळेचे तीन तुकडे करून दाखवतं: सेटअप (तयारी), कॉल (खरी चाचणी) आणि टिअरडाउन (आवराआवर). कॉलच्या ओळींत फारसं काही नव्हतं. सेटअपच्या ओळी मात्र एकीखाली एक: ०.७५, ०.७४, ०.७६, ०.७५. पानंच्या पानं. रुपये-पैसे राउंड करणाऱ्या, तीन ओळींच्या टेस्टलाही पाऊण सेकंद तयारी!

कारण असं की, कुणीतरी फार पूर्वी एक फिक्स्चर, म्हणजे टेस्टची पूर्वतयारी करणारा कोड, लिहून ते आपोआप लागणारं करून ठेवलं होतं. प्रत्येक टेस्टआधी ते तीन युजर तयार करायचं: अॅडमिन, अकाउंटंट, ग्राहक. लागोत की न लागोत. कोडचा कुठला भाग किती वेळ खातो ते मोजणारा प्रोफाइलर लावला तर सगळ्यात वरच्या ओळीत पासवर्डचं हॅशिंग, म्हणजे तो उलगडता न येणाऱ्या रूपात बदलणं. जँगो पासवर्ड साठवताना तो मुद्दाम लाखो वेळा दळतो, डेटाबेस चोरणारा दमावा म्हणून. ३.२ मध्ये हे दळण २,६०,००० वेळा होतं, ४.२ मध्ये ६,००,००० वेळा. खऱ्या साइटवर ते योग्यच आहे. आमच्या टेस्टमधला पासवर्ड होता 'टेस्ट१२३'; तो चोरायला कोण येणार होतं? २,४०० टेस्ट, प्रत्येकी तीन युजर, प्रत्येक पासवर्डला पाव सेकंद. अर्धा तास! आधीच्या आवृत्तीत हेच काम तेरा मिनिटांत व्हायचं. फरक सतरा मिनिटांचा. त्या मुलीच्या नावावर लिहिलेली सतराच्या सतरा मिनिटं.

टेस्टपुरता एमडी५ सारखा झटपट हॅशर लावा, असं जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. टेस्टच्या सेटिंग्ज फाइलमध्ये एक ओळ. सूट २२ मिनिटांवर आली.

नंतर मग त्या सेलेनियमवाल्यांकडे वळले. 'पान उघडेपर्यंत थांब' असं सांगण्याऐवजी ८४ ठिकाणी डोळे मिटून पाच-पाच सेकंदांची झोप लावलेली होती. सात मिनिटं नुसती झोपेत जात होती. (यातल्या काही झोपा माझ्याच हातच्या निघाल्या, २०१९ मधल्या. हेही लिहायलाच हवं.) त्या काढून, बटण दिसलं की लगेच पुढे जाणारं थांबणं घातलं. हे सगळं झाल्यावर समांतरचा नंबर लागला, चार वर्करवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार प्रोसेसवर. पहिल्या दिवसापासूनच रोज वेगळ्या टेस्ट पडायला लागल्या, कारण दोन टेस्ट एकाच नावाची एक्सेल फाइल एकाच फोल्डरमध्ये लिहीत होत्या. एकामागून एक चालत होत्या तोवर हे झाकलेलं होतं. समांतर चालवा म्हणून सल्ला देणाऱ्यांनी हा भाग लेखात का घेतला नाही, कोण जाणे. जागेअभावी असेल. जाहिरातीला मात्र जागा होती.

आज सूट सहा मिनिटांत होते. १६ कोअरचं मशीन परत केलं. पुढच्या रेट्रोमध्ये 'टीमचं अभिनंदन' झालं, केक कापला. त्या मुलीला उद्देशून कुणी चकार शब्द काढला नाही. ती अजून आमच्याच टीममध्ये आहे, काम चोख करते, पण टेस्ट लिहायच्या आधी विचारते, "लिहू ना ताई?" सहा मिनिटांच्या सूटमध्येसुद्धा विचारते. तुमच्या लेखातलं 'टेस्टची अनावश्यक भाऊगर्दी' हे उपशीर्षक तिने वाचलं नसावं, एवढीच आशा.

आणि एक. लेखातलं 'स्वयंचलित मृदुसामग्री परीक्षण संच' हे कोण बोलतं हो? हिंजवडीच्या सिग्नलला उभं राहून विचारा. आणि लेखाशेजारी काळ्या टोपीतल्या, हिरव्या अक्षरांकडे बघणाऱ्या माणसाचं चित्र कशासाठी? आम्ही चष्मा लावून एक्सेल शीट बघतो.

नाव छापू नये ही विनंती. कंपनीचे नियम आहेत.

आपली,
एक टेस्टर, वाकड, पुणे

ता.क. : गेल्या दोन रविवारच्या शब्दकोड्यांची उत्तरं छापलेली नाहीत. सासूबाई रोज विचारतात. निदान आधीच्या रविवारचा आडवा १४ तरी कळवावा.