दोन गुणांचं उत्तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या ६ ऑगस्टच्या अंकातला हिरोशिमावरचा लेख वाचला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं : अणुबॉम्ब टाकला नसता तर दहा लाख अमेरिकी सैनिक मेले असते, जपानी तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे बॉम्बने घेतले त्यापेक्षा जास्त जीव वाचवले, आणि युद्धात असा हिशेब मांडावाच लागतो.

मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. लेख वाचून राग आला, पण त्याआधी थोडी लाज वाटली. कारण हा हिशेब मीच पोरांना शिकवलाय. ‘कारणे द्या : जपानने शरणागती पत्करली.’ उत्तर : हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब टाकल्याने प्रचंड हानी झाली, म्हणून. दोन गुण. अक्षर चांगलं असेल तर मी शेजारी ‘छान’ असंही लिहीत असे.

निवृत्तीनंतर जरा निवांत वाचन झालं, तेव्हा त्या ‘म्हणून’पाशी अडखळलो. ९ ऑगस्ट १९४५चा दिवस घ्या. रात्रीच सोव्हिएत फौजा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात (ईशान्य चीन) घुसलेल्या. सकाळी टोकियोत युद्धमंडळाचे सहा जण बसले, तेव्हा त्यांच्यासमोर तीन दिवसांपूर्वीचं हिरोशिमा होतं आणि ताजा रशियाही. बैठक चालू असताना, ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर बॉम्ब पडला आणि थोड्या वेळाने त्याची बातमी त्या खोलीत पोहोचली. शरणागतीच्या अटींवर मतं तीन विरुद्ध तीन होती, बातमीनंतरही तीन विरुद्ध तीनच राहिली. कोंडी फुटली ती त्या रात्री सम्राटाने स्वतः शरणागतीच्या बाजूने कौल दिल्यावर. त्याने १५ तारखेला रेडिओवरून जनतेला जे सांगितलं, त्यात ‘नव्या, अत्यंत क्रूर बॉम्ब’चा उल्लेख आहे. १७ तारखेला सैनिकांसाठी जे फर्मान निघालं, त्यात रशियाचा उल्लेख आहे आणि बॉम्बचा नाही. ‘कारणे द्या’ची दोन उत्तरं खुद्द सम्राटानेच लिहून ठेवलीत. आता मी गुण कुठल्या उत्तराला द्यायचे?

दहा लाखांचं काय, तेही बघू. हा आकडा प्रसिद्ध झाला तो स्टिम्सन यांच्या लेखामुळे. युद्धाच्या वेळी ते अमेरिकेचे युद्धमंत्री होते, आणि लेख आहे फेब्रुवारी १९४७चा, म्हणजे बॉम्ब टाकून दीड वर्ष झाल्यावरचा, टीका वाढू लागली तेव्हाचा. त्यातही शब्द ‘हताहत’ असा आहे. त्यात जखमी आणि बेपत्ता दोन्ही येतात. आपल्या लेखकाने सगळेच मारून टाकले. तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पुढे आठवणी लिहिल्या तेव्हा पाच लाख मृत्यूंचा आकडा दिला. जून १९४५मध्ये लष्करी नियोजकांनी त्यांच्यासाठी काढलेल्या अंदाजात मात्र सगळ्यात भीषण शक्यतेत अमेरिकी मृत्यू होते सुमारे ४६ हजार. त्या काळात याहून मोठे अंदाजही फिरत होते, हे कबूल. पण आकडा वर्षागणिक फुगत गेला, ही गोष्ट इतिहासाच्या शिक्षकाने मुलांना सांगायला हवी होती. मी सांगितली नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही मांडतो, नाहीतर मीही गाइडच लिहितोय असं व्हायचं. जपान काही गरीब गाय नव्हता. त्याने अंदमानात काय केलं हे आपल्याला ठाऊक आहे. चीन आणि आग्नेय आशियात त्याच्या ताब्यातल्या मुलखांत माणसं रोज मरत होती. युद्ध जितकं लांबलं असतं, तितकी ती मरत राहिली असती. बॉम्बच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा मला हा वाटतो, अमेरिकी सैनिकांचा नव्हे. त्याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही. आणि एका रात्रीत टोकियो जाळून लाखभर माणसं मारली गेली ती मार्चमध्येच, साध्या आगलाव्या बॉम्बनी. म्हणजे शहरंच्या शहरं जाळायची सवय आधीच लागलेली होती.

पण ‘बॉम्ब नाहीतर स्वारी’ असे दोनच रस्ते होते, हे खरं नाही. सम्राटाला गादीवर राहू देऊ, एवढं एक वाक्य जपानला शरण यायला सांगणाऱ्या जाहीरनाम्यात घाला, असं खुद्द स्टिम्सन सुचवत होते. २६ जुलैच्या पॉट्सडॅम जाहीरनाम्यात ते वाक्य आलं नाही. बॉम्ब पडले, आणि मग सम्राट गादीवर राहिलाच. बॉम्ब बनवणाऱ्यांतल्याच काही शास्त्रज्ञांनी जूनमध्ये लिहून दिलं होतं की, आधी निर्जन जागी टाकून दाखवा. तेही फेटाळलं गेलं. आणि नागासाकीसाठी तर वेगळा निर्णयच कुणी घेतला नाही. २५ जुलैच्या लेखी आदेशात होतं की, पुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाकावेत. पहिल्याचा परिणाम काय झाला ते बघायला थांबा, असं त्यात कुठेही नव्हतं. ९ तारखेला विमान निघालं होतं कोकुरा या दुसऱ्याच शहराकडे. तिथे खालचं दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळलं. जीव वाचवण्याच्या हिशेबात हे वळण कुठल्या रकान्यात मांडायचं, हे लेखकाने जरूर सांगावं.

लेखात हिरोशिमाला ‘लष्करी तळ’ म्हटलंय. हा शब्द ट्रुमन यांच्या रेडिओ भाषणातला. तिथे सैन्याचं मोठं मुख्यालय होतं, हे खरंच आहे. पण नेम धरला होता गावाच्या मधोमध असलेल्या इंग्रजी ‘टी’ आकाराच्या पुलावर, आणि बॉम्ब फुटला एका रुग्णालयाच्या डोक्यावर. त्या सकाळी हजारो शाळकरी मुलं उघड्यावर होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करण्याचं काम चाललं होतं, त्यासाठी शाळांतून वर्गच्या वर्ग आणले होते. बारा-तेरा वर्षांची, म्हणजे आपल्याकडची सातवी-आठवीतली मुलं. त्यांतली सुमारे सहा हजार गेली. हिरोशिमाच्या संग्रहालयात त्यांच्यातल्या एकाचा जेवणाचा डबा ठेवलाय. मी तिकडे गेलेलो नाही, फोटो पाहिलाय. डबा वाकडातिकडा झालेला आणि आतलं अन्न जळून कोळसा झालेलं. आईने सकाळी भरून दिलेला डबा, खायची वेळ झालीच नाही. तो डबा मिळाला म्हणूनच आईला मुलाचं प्रेत ओळखता आलं. वर्गशिक्षक म्हणून मी हजारो डबे पाहिलेत, त्यामुळे इथे माझं तटस्थ राहणं संपतं.

ट्रुमनही इथेच थांबले, हे पुष्कळांना माहीत नसतं. १० ऑगस्टला त्यांनी आपल्या परवानगीशिवाय पुढचा बॉम्ब टाकायचा नाही असा हुकूम काढला. आणखी लाखभर माणसं मारायची कल्पना भयंकर आहे, ‘ती सगळी पोरं’ मारणं आपल्याला आवडत नाही, असं ते मंत्रिमंडळात म्हणाल्याची नोंद त्यांच्या एका सहकाऱ्याच्या डायरीत आहे. ज्याच्या नावावर आपण तो हिशेब खपवतो, त्यालाही तो पुढे चालवावासा वाटला नाही.

आमच्या गावात एक जुने फौजी होते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. युद्धानंतर मराठा पलटण जपानमध्ये बंदोबस्ताला होती, तिच्यात ते होते. कुरे बंदरात उतरले. हिरोशिमा तिथून जवळच. काय पाहिलंत, असं विचारलं की ते एकच सांगायचे, “मास्तर, स्टेशन आलं म्हणून गाडी थांबली. उतरून बघतो तर गावच न्हाई.” चूक की बरोबर, यावर ते एक अक्षर बोलले नाहीत. मीही तेव्हा विचारलं नाही. माझ्याकडे उत्तर होतंच ना, दोन गुणांचं!

शेवटी एक. ‘वेळ आली तर आपणही कचरू नये,’ असं लेखकाने जाता जाता म्हटलंय. पहिला वार आपण करणार नाही, हे भारताचं जाहीर धोरण आहे. अण्वस्त्रांचा वापर बेकायदा ठरतो, अशी बाजू भारताने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे लेखी मांडली होती. १९९६मध्ये त्या न्यायालयाने वापर सर्वसाधारणपणे कायद्याविरुद्ध ठरवला, पण राष्ट्राच्या अस्तित्वावरच बेतलं तर काय, यावर ठाम बोलायचं टाळलं. या फटीवर वाद घालता येईल, जरूर घालावा. पण पेपरात ‘कचरू नये’ लिहिण्याआधी आपल्याच सरकारने काय लिहून दिलंय, ते तरी वाचावं.

माझी विनंती एवढीच की, पुढच्या अंकात दोन दुरुस्त्या छापाव्यात : एक, स्टिम्सन यांचे दहा लाख ‘हताहत’ होते, ‘मृत’ नव्हे. दोन, हिरोशिमा हे लष्करी मुख्यालय असलेलं शहर होतं, नुसता तळ नव्हे. माझे बरेच जुने विद्यार्थी आपला पेपर वाचतात. त्यांना दिलेले दोन गुण मी परत मागणार नाही, उत्तर माझंच होतं.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
जि. सातारा