खारेपणाचे माप अचूक हवे

महोदय,

क्रॉफर्ड मार्केटमधून हौसेने आणलेले सागरी मासे घरच्या टाकीत तगत नाहीत, याचे एक कारण चुकीच्या मापात असते, हे मला दोन क्लाउनफिश गमावल्यावर कळले. समुद्राच्या पाण्याचा खारेपणा दर हजारी सुमारे ३५ असतो. पाण्याच्या घनतेवरून खारेपणा दाखवणाऱ्या माझ्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरच्या काट्याला मोहरीएवढा बुडबुडा चिकटला होता. हा बुडबुडा काट्याला वर उचलत असल्याने आकडा जास्त दिसे आणि मी गोडे पाणी ओतत राहिलो. पाण्यात प्रकाश किती वाकतो यावरून खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घेतला, तरी तो शुद्ध पाण्यावर शून्याला लावणे पुरेसे नाही, कारण अनेक स्वस्त उपकरणांची मोजपट्टी साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते व ती समुद्राच्या पाण्याचा खारेपणा सुमारे दीडने जास्त दाखवते. ३५ खारेपणाच्या प्रमाणित द्रावणाचे दोन-तीन थेंब काचेवर टाकून, ते खोलीच्या तापमानाला आल्यावरच स्क्रू फिरवून आकडा ३५ला जुळवावा. हे द्रावण विक्रेत्यांनी उपकरणासोबतच द्यावे, ही कळकळीची विनंती. मुक्या जिवांना आपली चूक सांगता येत नाही.

– एक मत्स्यपालक, दादर, मुंबई