फोटोखालची ती ओळ बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत नैऋत्य चीनमधल्या डोंगरी लोकांवर पानभर लेख आला होता. मी तो दोनदा वाचला, कारण त्या भागात मी 2018 च्या फेब्रुवारीत जाऊन आलेय आणि तेव्हापासून तिथलं काहीही छापून आलं की माझं लक्ष जातंच. अर्ध्या पानाचा तो फोटो खरंच सुंदर होता, डोंगरउतारावर चकाकणाऱ्या पाण्याच्या शेकडो पायऱ्या, त्यात आकाश पडलेलं. पण खाली ओळ काय, तर डोंगरातली नैसर्गिक तळी, निसर्गाचा चमत्कार! ते वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहायला बसले.

ती तळी नाहीत हो. ती भातखाचरं आहेत. एकूण एक माणसांनी खणलेली आणि म्हशींनी तुडवलेली.

युन्नान प्रांतातल्या होंगहे भागात, आयलाओ डोंगररांगेत युआनयांग म्हणून तालुका आहे, तिथली ही खाचरं आणि ती घडवणारे लोक म्हणजे हानी (हे त्या समाजाचं नाव आहे, आपल्या नफा-हानीशी त्याचा काही संबंध नाही). तेराशे वर्षं ही शेती तिथे चालत आलीय. जंगलाच्या खालच्या कडेपासून दरीच्या तळापर्यंत काही ठिकाणी तीन हजारपर्यंत पायऱ्या आहेत. 2013 मध्ये युनेस्कोने हा सगळा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला आणि त्यात नुसती खाचरं नाहीत, 82 गावंसुद्धा आहेत. आणि ते पाणी, ज्याच्यासाठी लोक पहाटे चारला ट्रायपॉड लावून कडाक्याच्या थंडीत उभे राहतात, ते काही शोभेसाठी ठेवलेलं नसतं. कापणी झाल्यावर खाचर कोरडं सोडलं तर बांधाची माती आकसते, भेगा पडतात आणि पुढच्या पावसात वरचा बांध सुटला की तो खालचे दहा घेऊन जातो. म्हणून कापणीनंतर खाचरं नीट करून पुन्हा पाणी भरतात आणि लावणीपर्यंत सुटू देत नाहीत. म्हणजे आपण छापलाय तो फोटो खरं तर डागडुजीचा आहे. काही खाचरं लाल दिसतात ना, तो पाण्यावर वाढलेला ॲझोला, म्हणजे तरंगणारं बारीक नेचं.

मी तिथे एका हानी घरात चार रात्री राहिले होते. तिसऱ्या दिवशी घरातला मुलगा मला गावाच्या वर, पाटाकडे घेऊन गेला. पाटाच्या वाटेत एक लाकडी ओंडका आडवा टाकलेला, मांडीएवढा जाड, पाण्याने काळा पडलेला आणि त्याच्या वरच्या कडेला चार खाचा कोरलेल्या. एक खाच चार बोटं रुंद, एक सहा बोटं, एक जेमतेम तीन आणि चौथी चांगली वीतभर. वरून येणारं पाणी त्या खाचांतून चार भागांत पडत होतं आणि चार वेगळ्या वाटांनी खाली जात होतं. पाट खणताना कुणी किती राबलं, किती धान्य दिलं आणि कुणाची खाचरं किती, यावरून खाचेची रुंदी ठरलेली, आजोबा-पणजोबांच्या काळात. तिथे एक म्हातारे गृहस्थ वाकून खाचेत अडकलेली पानं बोटांनी काढत होते. ते गावाचे पाटकरी. दुसरा शब्द मला सुचत नाही, आपल्याकडे जो पाटकरी तोच हा. ज्यांच्या शेतात पाणी जातं त्या घरांनी त्यांना वर्षाकाठी ठरलेलं धान्य द्यायचं अशी पद्धत. मी त्या मुलामार्फत विचारलं की रात्री येऊन कुणी आपली खाच थोडी मोठी केली तर? म्हातारबाबा हसले नाहीत की काही नाही, खाचेच्या कडेवर अंगठा ठेवून म्हणाले, नवीन कोरलेलं लाकूड पांढरं दिसतं. बस. मी त्या खाचांच्या सगळ्या कडा बघितल्या, सगळ्या काळ्या होत्या.

पाणी येतं कुठून तर वरच्या जंगलातून. सगळ्यात वर जंगल, त्याखाली गाव, गावाखाली खाचरं आणि तळाला नदी, असा तिथला सगळा हिशोब. नदीची वाफ धुकं होऊन वर चढते, जंगल ते धरून ठेवतं आणि झऱ्यांनी परत खाली सोडतं, त्यामुळे डोंगरमाथ्याला ना धरण आहे ना पंप. गावाच्या डोक्यावरचा एक तुकडा तर देवराईच आहे, त्या झाडांना कुणी कुऱ्हाड लावत नाही आणि वर्षातून एकदा गाव तिथे जाऊन पूजा करतं. खताची सोय ऐकून मी थक्क झाले. गावात सामाईक खड्डा असतो, वर्षभर शेण आणि घाण त्यात साठते आणि नांगरणीच्या दिवसांत त्यात पाटाचं पाणी सोडून सगळं खत वाहत वाहत खाली खाचरात नेतात, कुणाच्या पाठीवर ओझं नाही. खाचरात मासे, बदकं, ईल हेसुद्धा असतं. घरं मातीच्या भिंतींची, वर गवताचं जाडजूड छप्पर, लांबून अळंबीसारखी दिसतात, खाली गुरं, मधे माणसं आणि माळ्यावर धान्य, चुलीच्या धुराने ते कोरडं राहतं. आता बऱ्याच घरांना सिमेंट आलंय, तो भाग वेगळा.

आणखी एक सांगते, कारण मराठी माणसाला ते लगेच कळेल. आपण मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावतो. हानी लोकांत बापाच्या नावाचं शेवटचं अक्षर मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर होतं, त्याचं शेवटचं नातवाचं पहिलं, अशी साखळी. जुन्या माणसांना अशी पन्नासहून जास्त पिढ्यांची नावं तोंडपाठ असतात. स्वतःची परंपरागत लिपी नसलेल्या लोकांनी आपला इतिहास नावांत ओवून ठेवलाय. आणि आपल्या लेखात त्यांना साधेभोळे म्हटलंय.

साधेभोळे, रंगीबेरंगी कपड्यांतले, नाचगाण्यात रमणारे असे तीन शब्द आपल्या लेखात हानींना, म्याओंना, दोंगांना, सगळ्यांना सरसकट लावलेत. चीन सरकारच्या यादीत बहुसंख्य हान सोडून 55 समाज आहेत, त्यातले 25 युन्नानमध्ये आहेत, त्यांच्या भाषा वेगळ्या, शेती वेगळी, देव वेगळे. दाई लोक थेरवादी बौद्ध आहेत, त्यांची लिपी आपल्याकडच्या ब्राह्मीच्या घराण्यातली. यी लोकांची लिपी स्वतःची आणि जुनी. या सगळ्यांना एकाच वाक्यात कसं काय बसवता येईल?

गाण्याचंच घ्या. ग्वेइझोऊ प्रांतातल्या दोंग लोकांचं समूहगान 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. बिनवाद्याचं, पुढे हात हलवणारा कुणी नाही आणि तरी एकाच वेळी वेगवेगळे सूर. 1986 मध्ये नऊ दोंग मुली पॅरिसला जाऊन गाऊन आल्या तेव्हा बाहेरच्या जगाला त्याची खबर लागली. आता याला नाचगाण्यात रमणं म्हणायचं का? या भाषेलाही जुनी लिपी नाही, त्यामुळे पूर्वज कुठून आले, काय केलेलं चालतं आणि काय चालत नाही, हे सगळं गाण्यात भरलेलं. मुलं लहानपणापासून गटाने शिकतात, शिकवणारी माणसं गावातलीच. त्यांच्यात म्हणच आहे की भात शरीर पोसतो आणि गाणं मन पोसतं. गावाच्या मधोमध लाकडी नगारा-मनोरा असतो, मजल्यावर मजले चढवलेला, एकही खिळा न मारता नुसत्या खोबणीत खोबण बसवून. मी गेले तेव्हा त्याच्याखाली शेकोटीभोवती म्हातारी माणसं बसली होती आणि बाहेरून ठक ठक ठक असा एकसारखा आवाज येत होता. जाऊन बघितलं तर एक बाई निळीत रंगवलेलं कापड दगडावर घडी घालून लाकडी मोगरीने बडवत होती. नीळ, मग अंड्याचा पांढरा, मग बडवणं, परत नीळ, असं कित्येक वेळा करतात तेव्हा त्या कापडाला जांभळट तांब्यासारखी चमक येते. माझ्या बोटांना त्याचा रंग लागला तो दोन दिवस गेला नाही. रंगीबेरंगी कपडे म्हणून आपण सोडून देतो ते हे. म्याओ बायका तांब्याच्या छोट्या पात्याने वितळलेलं मेण कापडावर ओढून नक्षी काढतात, मग कापड निळीत बुडवतात, मेण काढलं की पांढरी नक्षी उरते, त्याचीच मशीनवर छापलेली नक्कल दुकानात ढिगाने मिळते आणि बहुतेक टुरिस्ट तीच घेतात.

मोसुओ लोकांबद्दल लेखात जे चार ओळींत उरकलंय त्याचा मला फार राग आला. युन्नान-सिचुआन सीमेवरच्या लुगू सरोवराकाठच्या या समाजात घर आईच्या बाजूने चालतं, घरात सगळ्यात कर्ती असते ती बाई घर चालवते. पुरुष रात्री जोडीदारणीकडे जातो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परत येतो, आणि आयुष्यभर तो वाढवतो ती आपल्या बहिणींची मुलं. मामा हा तिथला घराचा खांब. यातलं मामाचं काही न लिहिता फक्त रात्रीचं लिहायचं, हे बरं नाही केलंत. असल्या वाक्यांमुळे तिथे कसल्या नजरेचे प्रवासी येतात हे तिथल्या बायकांनी वर्षानुवर्षं सोसलंय.

याचा अर्थ मी असं म्हणत नाहीये की त्यांनी जसं आहे तसं राहावं आणि आपण बघायला जावं. युन्नानमधल्या नू नदीच्या खोऱ्यात लिसू लोक तारेला लटकून नदी ओलांडायचे, बाजाराला जाणारी बाई पाठीला मूल बांधून, कधी बरोबर बकरीसुद्धा. तिथे पूल झाले ते झालेच पाहिजे होते. दुलोंग खोऱ्याला पहिला रस्ता 1999 मध्ये मिळाला, तोसुद्धा बर्फ पडला की बंद, बोगदा झाला 2014 ला, तोवर हिवाळ्याचे कित्येक महिने आजारी माणसाला बाहेर काढायची सोयच नव्हती. सिचुआनच्या लियांगशानमध्ये अतुलेअर नावाचं यी लोकांचं कड्यावरचं गाव, शाळकरी पोरं वेलींच्या शिड्यांवरून कडा उतरायची, 2016 मध्ये ते फोटो जगभर गेले, मग पोलादी शिडी बसली आणि 2020 मध्ये 84 कुटुंबं खाली झाओज्वे शहरातल्या फ्लॅटमध्ये राहायला आली. नळाला पाणी आलं, शाळा जवळ आली, आणि बकऱ्या न् मक्याची शेती मात्र वर राहिली. कुणी काय कमावलं काय गमावलं हे ठरवायचा अधिकार त्यांचा, आपण दोन्ही बाजू लिहाव्यात एवढंच.

मला त्या भागातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लियांगशानमधली धिमी गाडी. चेंगदू-कुनमिंग रेल्वेलाइन 1970 ला सुरू झाली, तिच्यावर पुश्योंग ते पानझिहुआ अशी एक गाडी बारीकसारीक स्टेशनांवर थांबत जाते. तिकीट दोन युआनपासून आणि हे दर 1995 पासून वाढवलेले नाहीत. डब्यात भाजीच्या टोपल्या, कोंबड्या, डुकराची पिल्लं, सगळं चढतं आणि त्यातच शाळेची पोरं मांडीवर वही घेऊन अभ्यास करतात. बाजार करणारी एक यी आजी माझ्या शेजारी बसली होती, काळा कपडा डोक्याला गुंडाळलेला, तिने मला न विचारता उकडलेला बटाटा हातात दिला, वर तिखट-मीठ. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, दीड तास आम्ही बटाटे खात बसलो.

आता हानींकडे परत येते. त्या घरातला मुलगा, ज्याने मला पाट दाखवला, तो तेव्हा ग्वांगदोंगच्या कारखान्यात काम करायचा, चिनी नववर्षाच्या सुट्टीला आला होता. गावात मला दिसले ते बहुतेक म्हातारे आणि लहान मुलं. शेजारची तीन खाचरं कोरडी पडलेली दाखवून तो म्हणाला, काकांना आता चिखलात उतरवत नाही आणि मुलगा परत येत नाही. तिथला लाल तांदूळ पिकवायला जेवढे हात लागतात तेवढी किंमत बाजारात मिळत नाही. फोटो काढायला आम्ही शेकडो जण उभे होतो आणि त्या दिवशी सकाळी खाचरात उतरलेली माणसं मी मोजली, दोन होती, नवरा-बायको, बांधाला चिखल लिंपत होते. हिवाळ्यातलं पाणी भरायचं कुणी सोडलं तर तो चमत्कार चार-पाच पावसाळ्यांत खाली नदीत जाईल.

म्हणून विनंती एवढीच आहे की पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी आणि निदान ऑनलाइन आवृत्तीत तरी फोटोखालची ओळ बदलावी. "युआनयांगच्या हानी शेतकऱ्यांनी बांध टिकावेत म्हणून हिवाळ्यात पाणी भरून ठेवलेली भातखाचरं" असं लिहिलं तरी चालेल, मी मोजून बघितलं, दोन ओळींत बसतं.

आपली,
एक नियमित वाचक