पश्या, ते 108 इफ आधी काढ

पश्या,

तुझी पीएचपीची, म्हणजे वेबपानं बनवायच्या भाषेतली, फाइल बघितली काल रात्री. शिष्यवृत्तीचा फॉर्म झकास झालाय, पण जिल्ह्यांच्या ड्रॉपडाउनपाशी, म्हणजे निवडायच्या यादीपाशी, आलो आणि हसायलाच लागलो. 36 जिल्हे हाताने टाइप केलेस, तेच परत पालकांच्या पत्त्यात, तेच परत कॉलेजच्या पत्त्यात, आणि प्रत्येक ओळीत सिलेक्टेड लावायला, म्हणजे आधी निवडलेला जिल्हा दाखवायला, वेगळा इफ, म्हणजे वेगळी अट. म्हणजे 108 इफ, जपमाळच झाली की रे!

एक फंक्शन लिही, बास. त्याला यादीचा ॲरे (कीपुढे नाव, अशा जोड्या) द्यायचा आणि आधी निवडलेली व्हॅल्यू (अर्जातून सर्व्हरकडे जाते ती) द्यायची, आत फॉरईच फिरवून, म्हणजे एकेक जोडी घेऊन, तिचा ऑप्शन टॅग (ड्रॉपडाउनमधली एक ओळ) स्ट्रिंगला, म्हणजे मजकुराला, जोडत जायचं आणि शेवटी रिटर्न. आतच एको, म्हणजे थेट छापणं, करू नकोस, उद्या तोच तुकडा दुसऱ्या टेम्प्लेटमध्ये लागला की भलतीकडेच छापून येतं.

आता मुख्य भानगड. व्हॅल्यू म्हणून तू जिल्ह्याचं नावच ठेवलंयस. 2023 ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, 2024 ला अहमदनगरचं अहिल्यानगर, मग जुन्या अर्जात एक नाव, नव्यात दुसरं, आणि रिपोर्ट काढला की एकच जिल्हा दोनदा दिसणार. व्हॅल्यूत कोड ठेव, नाव फक्त दिसण्यापुरतं. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्ह्याला कोड आहेच, तोच घे, नाव बदललं तर ॲरेमधली एक ओळ बदलायची, डेटाबेसला हातही लावायचा नाही. पालघरसारखं झालं तर मात्र वेगळं हं, तो 2014 ला ठाण्यातून फुटून नवा जिल्हाच झाला, तिथे नवीन कोड लागतो आणि जुन्या अर्जांतलं ठाणे आपोआप पालघर होत नाही, ते कुणीतरी बसून तपासावंच लागतं.

कोड आले की पीएचपीचा एक खोडसाळपणा कळेल तुला. ॲरेची की, म्हणजे इथे कोड, म्हणून '5' अशी स्ट्रिंग दिलीस तरी तो गुपचूप तिचा आकडा करतो, पण '05' दिलंस तर स्ट्रिंगच ठेवतो. फॉर्ममधून येतं ते मात्र कायम स्ट्रिंग. मग तीन बरोबरच्या चिन्हांनी (===, यात आकडा की स्ट्रिंग हेही जुळावं लागतं) तुलना केली तर '5' काही जुळत नाही, दोन चिन्हं (==) लावली तर '01' आणि '1' एकच धरतो, आणि तुमच्या सर्व्हरवर पीएचपी 7 आहे ना, तिथे शून्य आणि रिकामी स्ट्रिंगसुद्धा सारखीच! म्हणून दोन्ही बाजू आधी स्ट्रिंग करायच्या आणि मगच तीन चिन्हं. नव्या अर्जात नल, म्हणजे काहीच नाही, असं आलं तरी त्याची रिकामी स्ट्रिंग होते आणि 'जिल्हा निवडा' वर बरोबर जाऊन बसतो.

'जिल्हा निवडा' वरती जोडायला ॲरे मर्ज मात्र अजिबात वापरू नकोस, तो आकड्यांच्या कीज पुन्हा शून्यापासून मोजतो, म्हणजे सगळे कोड गेले आणि स्क्रीनवर काही कळतही नाही कारण नावं तर बरोबरच दिसतात. अधिकाचं चिन्ह लाव, कीज जशाच्या तशा राहतात. नावं क्रमाने लावताना नुसत्या सॉर्टनेही तीच वाट लागते, एसॉर्ट वापर.

लेबल आणि व्हॅल्यू दोन्ही एचटीएमएलस्पेशलचार्स या खास चिन्हं निरुपद्रवी करणाऱ्या फंक्शनमधून काढ. जिल्ह्यांना नाही लागणार, पण हेच फंक्शन तू कॉलेजच्या यादीला लावणार आणि तिथे अँपरसँड, अवतरणचिन्हं, लोक काय वाट्टेल ते भरतात.

आणि ड्रॉपडाउन आहे म्हणजे यादीतलंच येणार असं समजू नकोस, ब्राउझरमध्ये व्हॅल्यू बदलून पाठवणं पोरांना सहज जमतं. अर्ज आला की त्याच ॲरेत ती की आहे का बघ, नसेल तर परत पाठव.

विभागवार गट हवेत म्हणालास ना, कोकण, पुणे, नाशिक असे सहा, तर ॲरेच्या आत ॲरे ठेव, फंक्शनला आत ॲरे दिसला की ऑप्टग्रुप (ड्रॉपडाउनमधला शीर्षकाचा गट) उघडायचा आणि स्वतःलाच परत बोलवायचं. चार ओळी वाढतील फार तर.

कर आणि फाइल पाठव, रविवारी बघतो. तालुक्यांचं मग बोलू, जिल्हा निवडला की तालुके बदलायला जावास्क्रिप्ट लागेल.

तुझाच,
मंग्या