तोंडोची दयांग कलांगितान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा मुलगा तारवटी. यंदा चवथीला घरी आला तेव्हा माटोळी बांधता बांधता त्याने बोटीवरच्या मनिलाच्या सोबत्याकडून ऐकलेली दयांग कलांगितानची कथा मला सांगितली. फिलिपिन्समधल्या पासिग नदीच्या मुखाशी वसलेल्या तोंडो या जुन्या राज्याची ही राणी. ‘दयांग’ म्हणजे थोर घरची स्त्री आणि तिथल्या तागालोग भाषेत ‘लांगित’ म्हणजे आकाश. नवरा लोंतोक याच्या जोडीने तिने राज्य केले, असे दंतकथा सांगतात.

पण मला खरा धक्का बसला तो तिथल्याच लागुना प्रांतात 1989 साली सापडलेल्या ताम्रपटाने. ‘स्वस्ति’, शक 822, वैशाख, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार! आपल्या कदंबांच्या ताम्रपटांसारखीच सुरुवात, तीही इतक्या दूर. त्यात दयांग अंकातान नावाच्या बाईला घरचे सोन्याचे कर्ज माफ झाल्याचे पत्र मिळते. म्हणजे हा ‘दयांग’ किताब कलांगितानच्या कितीतरी आधीचा, तांब्यावर कोरलेला.

गोव्यातल्या किती घरांतली मुले फिलिपिनो खलाशांबरोबर एका ताटात जेवतात! आपल्या रविवार पुरवणीत या बायकांवर एखादा सविस्तर लेख यावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, फोंडा