किंमत छापता, तशी ग्रेडही छापा

संपादक महोदय,

लहानपणची पोकेमॉन कार्डं विकून लोक लखपती होत असल्याची बातमी रविवारच्या पुरवणीत वाचली. किंमत ठळक होती, पण त्या कार्डाला दहापैकी किती ग्रेड, म्हणजे कार्ड किती चांगल्या अवस्थेत आहे याचा आकडा, होती ते कुठेच नव्हतं. सगळी गोम तिथेच आहे. बातमी वाचून पुण्याहून भाच्याचा फोन आला, माळ्यावरची कार्डं कुठल्या खोडरबरानं साफ करू? म्हणून हे पत्र.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या छापखान्यात मी ३४ वर्षं कटिंग मशीन चालवलं. आता लेकीकडे न्यू जर्सीत असतो. नातू कार्डं जमवतो. ग्रेड देणारे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंग, म्हणजे चित्राभोवतीची पट्टी समोरासमोर सारखी आहे का, ते तपासतात आणि कार्ड प्लास्टिकमध्ये सीलबंद करतात. ग्रेड देणाऱ्या पीएसए या अमेरिकन कंपनीच्या नियमात दहा ग्रेडला पुढच्या बाजूचं सेंटरिंग साधारण ५५-४५ लागतं, नऊला ६०-४० चालतं. डावी-उजवी पट्टी मिळून ५ मिलिमीटर धरा. पहिल्या हिशेबात २.७५ आणि २.२५, दुसऱ्यात ३ आणि २. कार्ड पाव मिलिमीटर इकडे कापलं गेलं, की दहाचे नऊ! थप्पी कितीही ठोकून सारखी केली तरी पातं खाली येताना कागद किंचित ओढला जातो, हे मी रोज पाहिलंय. ज्या पोरानं वीस वर्षं कार्डाला बोट लावलं नाही, त्याचं कार्ड छापखान्यातून निघालं त्याच दिवशी नऊचं असू शकतं.

त्या एका आकड्याचं मोल बघा. लोगन पॉल या अमेरिकन यूट्यूबरनं २०२१ मध्ये ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ हे दहा ग्रेडचं पोकेमॉन कार्ड घेतलं, तेव्हा त्याच कार्डाची नऊ ग्रेडची दुसरी प्रत, १२ लाख ७५ हजार डॉलरची धरून, दिली आणि वर ४० लाख डॉलर रोख मोजले.

गेल्या दिवाळीत नातवाचं एक चमकीचं कार्ड मला धुरकट वाटलं. धोतराच्या मऊ फडक्यानं पुसलं. दिव्याखाली तिरकं धरलं तर केसासारखे सहा-सात ओरखडे, माझा हात फिरला तसे गोल. ग्रेड सात आली. पोरगा मला एका शब्दानं बोलला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कापणं तर त्याहून वाईट. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं शंभर वर्षांपूर्वीचं कार्ड आठ ग्रेड घेऊन २००७ मध्ये २८ लाख डॉलरला गेलं. त्याच्या कडा आपण कापल्याची कबुली बिल मास्ट्रो या लिलाववाल्यानं २०१३ मध्ये कोर्टात दिली. कड सुबक दिसते म्हणून कापायची, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला सहन होत नाही. जुनी कड मळलेली असते, ताजी कापलेली कड चकाकते. कापलेलं सापडलं तर एरवी आकडी ग्रेडच मिळत नाही.

तेव्हा विनंती आहे, किमतीशेजारी ग्रेड छापा आणि ‘कार्ड पुसू नका, खोडू नका, कापू नका’ एवढी ओळ चौकटीत द्या. भाच्याला मी फोनवरच थांबवलं. बाकी घरांत खोडरबर आजही हातात असेल.

आपला,
एक निवृत्त कटिंग मशीनचालक, पुणे
(सध्या मुक्काम एडिसन, न्यू जर्सी)